कोसळीची कौसल्या

पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत एक वाडी आहे. वाडीच्या डोक्यावर, डोंगराच्या कडेला कौसल्यामातेचं ठाण आहे. शेंदूर लावलेला दगड, वर पत्र्याची शेड, टांगलेली घंटा. शेजारच्या फलकावर लिहिलंय की, वनवासाला गेलेल्या रामाची वाट बघत माता इथे बसली होती. अयोध्येहून ती पोलादपूर तालुक्यात कशी आली हे फलकावर नाही, कारण लिहिणाऱ्याला ते सुचलं नाही. फलक मी लिहिला. देवीही मीच केली.

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्याला पहिल्यांदा सांगायला हवं त्या सुभाषला तर नाहीच. सुभाषची बायको त्या डोंगराखाली गेली. ती देवीच्या कोपानं गेली असं तो आज धरून बसलाय.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला ‘कामातले प्रेरणादायी अनुभव’ मागितले होते. त्यांची क्षमा मागून पुढे जातो.

मी शिकवतो. समुदायाची लवचीकता, शाश्वत भूदृश्य आणि संथ पर्यटन हे माझे विषय. माझी आई हुशार बाई होती, पण मुलगा नेमकं काय शिकवतो हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. शेजारणींना ती सांगायची, “त्यो लोकांना डोंगर दावतो.” डोंगरात जन्मलेल्या लोकांना डोंगर दाखवण्याचा पगार मिळतो, यावर त्या शेजारणींचा कधी विश्वास बसला नाही.

काम असं चालतं. शहरातली एखादी संस्था ठरवते की, अमुक खोऱ्यातल्या लोकांनी संकटात टिकून राहायला शिकलं पाहिजे. मग मी जातो. देवळापुढच्या सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवायच्या चौथऱ्यावर, सतरंजी पडते, रंगीत कागद भिंतीला चिकटतात, बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला बसतात, आणि वर्षानुवर्षं टिकून राहिलेल्या माणसांना मी टिकून कसं राहायचं ते सांगतो.

“लवचीक म्हंजे वो काय, भाऊ?” एकदा एका बाईनं विचारलं.

“वारा आला की वाकायचं, पण मोडायचं नाही.”

मागच्या रांगेतून आवाज आला, “म्हंजे सुनंसारखं, गो!”

पुढचा अर्धा तास बायकांचं हसू थांबलं नाही. आमच्या संस्थेच्या मॅडमनी अहवालात लिहिलं की, महिलांनी संकल्पना आत्मसात केली. ते खरंच होतं.

महाडच्या बाजारपेठेत हेच शिकवायला गेलो, तर तिथल्या एका किराणा दुकानदारानं नम्रपणे सांगितलं, “सर, पुढच्या वेळी पुराचं पाणी भरायच्या आदल्या दिवशी या. माल माळ्यावर चढवायला दोन हात कमी पडतात.” संथ पर्यटन म्हणजे घाईनं ठिकाणं न उरकता एका जागी राहून गावाच्या गतीनं जगणं, हे मी एका वाडीत समजावलं. एक आजोबा म्हणाले, “यष्टी घाटात बंद पडली की आमी तेच करतो.”

अशा धंद्यात माणूस एकतर नम्र होतो नाहीतर बेरकी. मी बेरकी झालो.

ती वाडी माझ्या आईचं माहेर. संस्थेनं मला निवडलं ते त्यामुळेच. ‘स्थानिक’ असणं ही आमच्याकडे मोठी पात्रता आहे. वाडीतही माझं वजन होतं ते प्रशिक्षक म्हणून नव्हे, भाचा म्हणून. भाच्याचा शब्द तिथे कुणी खाली पडू देत नाही.

शाश्वत भूदृश्याच्या धड्याची सुरुवात मी रांगोळीच्या नकाशानं करतो. लोकांनी सहाणेवर आपला डोंगर काढायचा. वहाळ, शेतं, पायवाटा, झरे काढायचे आणि प्रत्येक जागेचं जुनं नाव सांगायचं. माझ्या तक्त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं: ‘जुनी नावं नीट ऐका. डोंगरातला माणूस जागेला नाव उगाच देत नाही.’ हे वाक्य माझं स्वतःचं आहे, आणि त्याला दरवेळी टाळ्या पडतात.

वाडीतल्या प्रशिक्षणाच्या दिवशी मुंबईहून मॅडमही आल्या होत्या. बायकांनी सुरेख डोंगर काढला. वाडीच्या वर, उतारावर, एक सपाट पट्टी काढली आणि म्हणाल्या, “ही कोसळी.”

कोसळी मला चांगली माहीत होती. लहानपणी सुट्टीत मामाकडे गेलो की, गुरांमागे जायचो तेव्हा आई बजावायची, “कोसळीवर ढोरं नेऊ नको रे. डोंगर उतरलाय तिथं एकदा. पुन्हा उतरंल.” तिला ते तिच्या आजीनं सांगितलेलं. पुढे या विषयाचं शिक्षण घेतलं तेव्हा कारणही कळलं. एवढ्या उभ्या डोंगरात मध्येच सपाट, मऊ मातीची जागा सापडली तर ती बहुधा वरून आलेली असते. दरड येऊन थांबते, तिच्यावर गवत उगवतं, नाचणी चांगली येते, पावसाळ्यात पायाखालून झरे फुटतात. माणसाला वाटतं देवानं अंगण दिलं. खरं तर अर्धवट उतरलेला डोंगर तिथे टेकलेला असतो. आणि तिथून सावित्रीचं खोरं असं दिसतं की, बघणाऱ्याला दुसरं काही सुचत नाही.

मॅडमना नेमकं तेच झालं. त्या वर जाऊन आल्या आणि म्हणाल्या, “होमस्टेसाठी हीच जागा! काय व्ह्यू आहे! पण कोसळी हे नाव जरा... कोसळल्यासारखं वाटतं ना?”

‘वाटतं कारण कोसळलेलंच आहे,’ असं म्हणायला एवढी सोयीची जागा आयुष्यात परत मिळणार नव्हती. मी म्हणालो, “मूळ नाव कौसल्या असणार, मॅडम. बोलण्यात अपभ्रंश झाला.”

अपभ्रंश हा शब्द मी फार ठिकाणी वापरून पाहिलाय. तो उच्चारला की गावाची जीभ चुकीची आणि आपली बरोबर ठरते. पूर्वजांनी सांगून ठेवलेली गोष्ट दोन क्षणांत अडाणीपणा होऊन जाते, आणि गंमत म्हणजे गावालाच त्याचा आनंद होतो. माझे चुलतमामा बाबूमामा वाडीत वडीलधारे. ते भर सभेत म्हणाले, “आपल्या तोंडाला जड जातं ना, मग कौसल्येची कोसळी केली आपण. आपलीच चूक.”

“भाचा शिकलेला हाय,” कुणीतरी दुजोरा दिला. “खोटं कशाला सांगंल?”

मॅडमनी ‘वा, लोकल नॉलेज!’ म्हणून माझी पाठ थोपटली. बायकांनी ती पट्टी पुसून पुन्हा रांगोळी घातली आणि आत ‘कौसल्या’ लिहिलं. पंधरा माणसं समोर होती आणि कुणाला वाटलं नाही की, अख्ख्या प्रशिक्षणात कामाचा शब्द एकच होता आणि तो आत्ताच पुसला गेला. मलाही तसं वाटलं नाही. मला बरं वाटलं. मॅडम खूश होत्या.

पुढचं सगळं आपोआप झालं. जागेला कौसल्या म्हटल्यावर कौसल्या हवीच. शिमग्याला कुणीतरी तिथल्या एका दगडाला शेंदूर लावला. वाडीच्या मुंबईतल्या मंडळानं पत्रे आणि घंटा पाठवली. फलकाचा मजकूर अर्थात मला सांगितला, कारण ‘तुमालाच सगळं ठावं हाय’. पर्यटकांना कथा लागते, आणि कथा लिहायची मला सवय होती. बायका नवस बोलू लागल्या. एकीला मुलगाही झाला. याहून भक्कम पुरावा कुठल्या देवीकडे असतो?

त्या पट्टीतली जमीन सुभाषची. सुभाष लहानपणीच मुंबईला गेलेला, तिथे कुरियरच्या कामात कंबर मोडून घेतल्यावर बायकोला घेऊन परत आला. माझ्यापेक्षा लहान, मला दादा म्हणायचा. मॅडमची योजना ऐकून त्याच्या डोळ्यांत उजेड आला. एक दिवस त्यानं मला बाजूला घेतलं.

“दादा, जागा बरी हाय ना? आबा जिवंत होते तवा म्हणायचे, तिथं बांधू नये. का, ते त्यांनाबी सांगता येत नव्हतं.”

“नाव वाईट होतं, म्हणून म्हणत असतील,” मी म्हणालो.

त्याला हे पटलं. मला ते सुचलं, याचा मला अभिमानही वाटला असावा.

दोन खोल्या, ओसरी, शेणानं सारवलेलं अंगण असं छान घर उभं राहिलं. ते नीट चालवलं रंजनानं, सुभाषच्या बायकोनं. रंजनाची जीभ तिखट आणि हाताला चव. पाहुणे भाकरीचे फोटो काढत बसले की ती म्हणायची, “फोटू गरम खा आता, भाकर काय थंडच खायची हाय.” पाहुण्यांना हे इतकं आवडलं की, ते मुद्दाम फोटो काढत बसायचे.

पाहुणे एकेक वल्ली. एक गृहस्थ संथ पदभ्रमणाला निघताना मनगटावरचं घड्याळ बघून म्हणाले, “हे संथ चालणं किती वेळात उरकेल? आज रायगडही करायचाय, पाचाडला जेवण सांगून ठेवलंय.” एक बाई तक्रार घेऊन आल्या की, बेडकांमुळे झोप होत नाही, ते बंद कधी होतात? सुभाषनं गंभीरपणे सांगितलं, “मॅडम, त्यांची सेकंड शिफ्ट हाय. आता सुटतील.” एका जोडप्यानं अभिप्रायात लिहिलं की, शांतता अपेक्षेपेक्षा जास्त होती.

मी हे किस्से प्रशिक्षणात सांगायचो. ती वाडी आमचा नमुना झाली होती. दुसऱ्या तालुक्यांतली माणसं गाडी भरून बघायला यायची. समोर कौसल्यामातेचं ठाण, मागे सावित्रीचं खोरं, मध्ये मी.

मग सर्वेक्षणवाले आले. आमच्या भागातल्या दरडींचा धोका कुठे आहे ते तपासत वाडीवाडीतून फिरत होते. साहेब बाहेरच्या राज्यातले, हिंदी बोलणारे, शांत स्वभावाचे. गावकऱ्यांचं बोलणं समजून सांगायला त्यांना माणूस हवा होता, आणि त्या दिवशी मी वाडीत होतो. सहाणेवरच बसलो. साहेबांनी विचारलं, पूर्वी इथे कुठे डोंगर खचलाय का? एखाद्या जागेच्या नावात तसं काही आहे का?

माझ्या तक्त्यावरचंच वाक्य साहेब मला विचारत होते.

बाबूमामा डोकं खाजवत म्हणाले, “वर ती कोसळी हाय, पन...”

“कौसल्या म्हणा वो, काका,” सुभाषनं हसून दुरुस्त केलं. “साहेब लिहून घेतील चुकीचं.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “क्या बोले?”

पुढच्या आठवड्यात देणगीदार होमस्टे बघायला येणार होते. बुके सांगून झाले होते.

“कौसल्या,” मी म्हणालो. “देवी का स्थान है.”

साहेबांनी वर, झाडीतल्या पत्र्याच्या शेडकडे बघून हात जोडले. नंतर ते स्वतः चढून गेले, उतार पाहिला, वर भेग नव्हती, झरे उन्हाळ्यात आटलेले. त्यांना दोष देता येत नाही. उन्हाळ्यात डोंगर सज्जन दिसतो. त्यांना शंका घ्यायला एक शब्द हवा होता आणि तो माझ्या तोंडात होता.

हे मी ‘चूक झाली’ या सदरात आजवर मनातल्या मनात घालत आलो. चूक रांगोळीच्या दिवशी झाली असं फार तर म्हणता येईल. या दिवशी मला सगळं माहीत होतं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात डोंगर उतरला. पाहुणे पावसात ठेवायचे नाहीत असं आम्ही ठरवलेलं होतं. लवचीकतेच्या आराखड्यात ते छापलेलं आहे. खोल्या बंद होत्या. पण संततधारेनं कौलं गळायला लागली, आणि सकाळी सुभाष आणि रंजना गाद्या काढायला वर गेली. पहिलं गाठोडं डोक्यावर घेऊन सुभाष पायवाटेनं खाली निघाला. तिनं मागून हाक मारली, “पुढं व्हा तुमी, मी भांडी आवरून येते.” तो वळणाशी पोचला तेव्हा मागून मोठा ट्रक वाळू ओततोय असा आवाज आला. वळून बघेपर्यंत घर नव्हतं. अंगण नव्हतं. सपाटीच नव्हती.

मी महाडहून दुपारी पोचलो. माती बाजूच्या वहाळात उतरली होती, म्हणून खालची वाडी वाचली. चिखलात फावडी चालवणारी माणसं एकमेकांना ओरडून सांगत होती, “कोसळी कोसळली रे!” घाबरलेल्या माणसाच्या तोंडात अपभ्रंश राहत नाही. जुनं नाव सगळ्यांना पाठ होतं.

रंजना दुसऱ्या दिवशी सापडली.

आणि देवीचा दगड जागेवर होता. मूळ खडकाच्या टोकावर होता म्हणून राहिला. शेडचा एक पत्रा तेवढा वाकला. पण एवढं सगळं गेलं आणि दगड राहिला, म्हटल्यावर वाडीला आणखी काय हवं? तेराव्याच्या आत निकाल लागला. मातेच्या पुढ्यात सुकट भाजली, म्हणून ती कोपली. कुणी भाजली? रंजनानं. बायका आणखीही काही कुजबुजतात, रंजनाबद्दल, ते मी इथे लिहिणार नाही. मेलेल्या बाईला उत्तर देता येत नाही, आणि तिची जीभ असती तर कुणाची हिंमतही झाली नसती.

संस्थेनं काय केलं? तिनं यातून शिकण्यासारखं खूप आहे असं ठरवलं. ‘आपत्तीनंतर उभी राहिलेली वाडी’ असा माझा तासभराचा वर्ग आहे. उतरलेल्या डोंगराचं चित्र पडद्यावर येतं, लोक चुकचुकतात, आणि मी समुदायानं एकमेकांना कसं सावरलं ते सांगतो. मला आता वरिष्ठ प्रशिक्षक म्हणतात. ‘जुनी नावं नीट ऐका’ हा तक्ता अजून वापरतो. उदाहरणं दुसऱ्या गावांची देतो.

सुभाष वाडी सोडून बिरवाडीला आला. एका गोदामावर पहारेकरी आहे, भाड्याच्या खोलीत राहतो. गेल्या महिन्यात त्यानं निरोप धाडला म्हणून गेलो. सुट्टीचा दिवस होता. त्यानं चहा केला. खोलीत रंजनाचा फोटो आणि शेजारी कौसल्यामातेच्या दगडाचा फोटो, दोघींना एकाच जातीच्या फुलांचा हार.

“मासळी सोडली, दादा,” तो म्हणाला. “सुकट तिनं भाजली खरी, पन सांगितली मीच व्हती. पुण्याच्या पाहुण्यांना वास आवडला, म्हटलं भाज रोज. तिला काय माहीत?”

“तसं नसतं रे काही.”

“मग कसं असतं?” त्यानं सरळ विचारलं. बेडकांच्या शिफ्टवाला सुभाष त्या आवाजात कुठेच नव्हता.

मी चहा प्यायलो.

“तिच्या भावांनी बोलणं टाकलंय,” तो पुढे म्हणाला. “म्हणतात, आमच्या बहिणीला तुमच्या गावानं बाटगी ठरवली. बरोबर हाय त्यांचं. म्हणून ठरवलंय, मातेला पक्कं देऊळ बांधायचं, तिथंच. मुंबईचं मंडळ तयार हाय. पायरीवर रंजीचं नाव घालू. म्हंजे माता तिला माफ करंल, गाव बी करंल.”

“तिथंच?”

“दुसरीकडं कसं? माता तिथंच बसली व्हती ना? तुमीच लिवलंय.”

तो उठला, माझा कप उचलून ठेवला. “दादा, देवळासाठी मातेची सगळी कथा नीट लिहून द्या. फलकावर फार थोडकी हाय. दगडात कोरून घ्यायची हाय. तुमच्याशिवाय कुणाला ठावं नाय.”

डोंगराचा वरचा भाग अजून टेकूवर आहे. तिथे पाया खणला, उत्सवाला दोनशे माणसं उभी राहिली, तर काय होईल हे सांगायला प्रशिक्षक लागत नाही. मला ते त्या खोलीत लख्ख दिसत होतं. आणि मी, या विषयातला तालुक्यातला जाणकार, म्हणालो, “बघू. जरा सवडीनं लिहितो.”

‘बघू’ म्हणून निघालो. बिरवाडीच्या नाक्यावर रिक्षाची वाट बघताना मनाला समजावलं की, सत्य सांगून त्याचा देव काढून घेणं क्रूरपणाचं आहे, माणसाला काहीतरी आधार हवा, वगैरे. फार सुंदर युक्तिवाद होता. प्रशिक्षणात चालला असता. खरं एवढंच की, त्यानं मला दादा म्हणणं बंद करावं हे मला सोसणार नव्हतं.

हे सगळं आता छापून येईल. मॅडम वाचतील, देणगीदार वाचतील, वरिष्ठ प्रशिक्षकाचं काय व्हायचं ते होईल. ते मला चालेल, आणि चालेल असं म्हणण्यातही थोडा भाव खाणं आहेच. पण सुभाष दिवाळी अंक वाचत नाही. इथे लिहून त्याचं काही फिटत नाही. चार अनोळखी वाचकांपुढे खरं बोलणं सोपं आहे, म्हणूनच मी ते आधी केलं.

सुभाषला मी त्याच्यासमोर बसून हे सांगायचं देणं लागतो: तिथे देवी नव्हती. ती कोसळी होती, डोंगर तिथे आधी उतरला होता, आणि मला ते लहानपणापासून माहीत होतं. रंजनानं काहीही केलेलं नव्हतं. देऊळ तिथे बांधू नकोस. आणि हेच वाडीच्या सहाणेवर, तिच्या भावांना बोलावून, भाचा म्हणून सगळ्यांपुढे सांगायचंही देणं लागतो. यातलं एकही वाक्य मी अजून बोललेलो नाही.